फिश टँकचा फिल्टर : खोक्यावरचा आकडा नव्हे, घरची वीज पाहून घ्या

रायगडच्या किनारपट्टीवर, अलिबाग, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या भागांत नव्या घरांच्या दिवाणखान्यात आता काचेची मत्स्यपेटी, म्हणजे बोलीभाषेतली फिश टँक, सहज दिसते. कोणी मुलांच्या हट्टाखातर घेतो, कोणी आखातातून रजेवर आला की हौसेने घेतो, कोणी दुकानाच्या शोभेसाठी ठेवतो. पेटी, रंगीत खडे, दिवा, मासे ही खरेदी मोठ्या आनंदाने होते. शेवटी राहतो तो फिल्टर. दुकानदार जो हातात देईल तो घेऊन गिऱ्हाईक घरी जाते, आणि नेमकी हीच वस्तू अशी आहे की जिच्यावर पेटीतल्या प्रत्येक माशाचा जीव अवलंबून असतो.

पुढे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. पहिला आठवडा बरा जातो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात आणि एकामागून एक मरतात. घरातली बाई म्हणते नजर लागली, मुलगा रडतो, बाप म्हणतो दुकानदाराने आजारी माल दिला. महिन्याभरात पेटी माळ्यावर जाते. यात नुकसान तिघांचे होते. मुक्या जिवाचा जीव जातो, गिऱ्हाइकाचा पैसा जातो आणि दुकानदाराचे गिऱ्हाईक कायमचे जाते. या पानावर हा विषय घेण्याचे कारण तेच. एक चुकीची वस्तू विकली गेली की धंद्याचे नुकसान कसे होते, याचे याहून सोपे उदाहरण सापडणार नाही.

आमचा धंदा कापडाचा. माशांच्या गोष्टीत कापडवाल्याचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु फिल्टरच्या पोटात जे भरतात ते बरेचसे आमच्याच बाजारातले सूत आहे, आणि खोक्यावर एक आणि आत दुसरे हा प्रकार कापडवाल्याला नवा नाही. म्हणून चार गोष्टी हिशेबाने मांडत आहोत.

फिल्टर करतो तरी काय?

बहुतेकांची समजूत अशी की फिल्टर म्हणजे पाणी स्वच्छ दिसावे म्हणून बसवलेली गाळणी. ही समजूत अर्धीच खरी आहे. पाणी काचेसारखे नितळ असूनही मासे मरू शकतात, आणि थोडे गढूळ असूनही ठणठणीत राहू शकतात.

मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच विष्ठा टाकतो. शिवाय त्याच्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर पडत असतो. उरलेले खाणे कुजले की त्यातूनही अमोनियाच तयार होतो. नदीत, खाडीत, मोठ्या तळ्यात हा अमोनिया पसरून जातो. काचेच्या पेटीत त्याला जायला जागा नाही, आणि माशासाठी तो विषच आहे. अल्लाहने निसर्गात याचा बंदोबस्त करून ठेवला आहे. डोळ्यांना न दिसणारे काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच, परंतु दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट थोड्या प्रमाणात असले तर मासे ते सहन करतात. हे नायट्रेट मात्र कोणताही साधा फिल्टर काढत नाही. त्यासाठी दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलावेच लागते.

हे जिवाणू पाण्यात मोकळे फिरत नाहीत. ते एखाद्या पृष्ठभागाला चिकटून वस्ती करतात आणि त्यांना सतत प्राणवायू लागतो. म्हणून फिल्टर ही गाळणी कमी आणि या जिवाणूंची वसाहत जास्त आहे. स्पंजची छिद्रे, चिनी मातीच्या कड्या, खडे, धागे ही सारी त्यांची घरे. नव्या पेटीत ही वस्ती उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मासे का मरतात, याचे उत्तर इथेच आहे. मासे आले, परंतु त्यांची घाण पचवणारी वस्ती अजून वसलेली नाही.

काही वडीलधारी मंडळी म्हणतात, आमच्या वेळी मस्जिदीच्या हौदात आणि विहिरीत मासे होते, तिथे कोणता फिल्टर होता? प्रश्न रास्त आहे. मुंबईची जामा मस्जिद १८०२ साली पूर्ण झाली. ती जुन्या तलावावर बांधलेली आहे आणि त्या हौदात मासे व कासवे आहेत. परंतु तिथे पाणी अफाट आहे, खालून झरे आहेत आणि दगडी भिंतींवर जिवाणूंना भरपूर जागा आहे. त्या मानाने आपली दोन फुटी पेटी म्हणजे दोन घागरींच्या आसपास पाणी, आणि त्यात आपण डझनभर मासे सोडतो. हौदाला जे फुकट मिळते ते पेटीला फिल्टरने द्यावे लागते.

बाजारात काय मिळते?

मुंबईला क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याला माल पाहायला गेलात तर फिल्टरच्या नावांची यादी ऐकून माणूस गोंधळतो. प्रत्यक्षात घरगुती वापराचे मुख्य प्रकार पाचच आहेत.

पहिला स्पंज फिल्टर. यात पाण्याखाली फक्त एक स्पंज व नळी असते. मोटार म्हणजे हवेचा छोटा पंप, तो पेटीच्या बाहेर राहतो. हवेचे बुडबुडे नळीतून वर चढतात आणि आपल्यासोबत पाणी ओढतात, ते पाणी स्पंजमधून येते. सर्वांत स्वस्त, सर्वांत साधा. दिसायला मात्र दिखाऊ नाही आणि बुडबुड्यांचा आवाज असतो.

दुसरा इंटरनल फिल्टर. छोटी मोटार आणि स्पंजची डबी पाण्यातच बुडवून काचेला चिकटवतात. पाणी जोरात फिरते, कचरा चांगला ओढला जातो. डबी लहान असल्यामुळे स्पंज लवकर तुंबतो.

तिसरा टॉप फिल्टर किंवा काचेच्या काठावर टांगायचा फिल्टर. मोटार पाणी वर ओढते, ते वरच्या खोक्यातल्या थरांतून झिरपून पुन्हा पेटीत पडते. धुवायला सोपा, कारण हात ओला न करता वरचा थर काढता येतो.

चौथा कॅनिस्टर. हा बंद डबा पेटीच्या खाली कपाटात ठेवतात. दोन जाड नळ्यांनी पाणी ये-जा करते. आत भरपूर सामान बसते, आवाज नाही, पेटीत काही दिसत नाही. मोठ्या पेटीसाठी उत्तम, किंमतही तशीच.

पाचवा खड्यांखालचा, म्हणजे अंडरग्रॅव्हल. तळाला जाळीची फरशी घालून वर खडे पसरतात आणि पाणी खड्यांतून खाली ओढतात. एके काळी हाच सर्वत्र होता. चालतो बरा, परंतु खड्यांखाली घाण साचत जाते आणि ती काढायची म्हणजे सारी पेटी उपसावी लागते.

यांत चांगला कोणता, असा प्रश्न चुकीचा आहे. साडी चांगली की सुती लुंगी, असे कोणी विचारत नाही. कोणासाठी, कोणत्या प्रसंगी, हे विचारतात.

पेटीचा हिशेब

आधी आपल्या पेटीत पाणी किती ते काढावे. लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजून गुणाकार करा, म्हणजे घनफूट आले. एका घनफुटात २८.३ लिटर पाणी असते. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटी म्हणजे दोन घनफूट, साधारण ५७ लिटर. खडे आणि वरची मोकळी जागा वजा जाता ५० लिटर धरावे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच पेटीत हाच आकडा १९१ लिटर येतो, वजावट करून १७०.

जाणकारांचा ठोकताळा असा की फिल्टरने तासाला पेटीतले पाणी चार ते पाच वेळा फिरवावे. म्हणजे ५० लिटरच्या पेटीस तासाला २०० ते २५० लिटर आणि १७० लिटरच्या पेटीस ७०० ते ८५० लिटर. हा ठोकताळा मोटारीच्या फिल्टरसाठी आहे. हवेवर चालणाऱ्या स्पंज फिल्टरला तो लावू नये. तो पाणी सावकाश फिरवतो, परंतु त्याचा सारा स्पंज जिवाणूंच्या कामी येतो.

आता खोक्यावरचा आकडा पाहा. खोक्यावर तासाला ६०० लिटर छापले असेल, तर तो आकडा मोटार रिकामी असताना, पाणी वर चढवायचे नसताना, नवीकोरी असताना मोजलेला असतो. आत स्पंज भरला, पाणी दीड-दोन फूट वर चढवावे लागले आणि पंधरा दिवसांचा गाळ बसला की तोच आकडा बराच खाली येतो. हे म्हणजे ताणून मोजलेले थान. धुतल्यावर किती उरते, ते शहाणा खरीदार आधी विचारतो. म्हणून गरजेपेक्षा थोडा मोठा फिल्टर घ्यावा.

परंतु फार मोठाही घेऊ नये. फायटर माशाला संथ पाणी लागते, जोराच्या प्रवाहात तो दमून जातो. गप्पी आणि मॉलीची पिल्ले मोटारीच्या तोंडात ओढली जातात. अशा माशांना स्पंज फिल्टरच उत्तम. उलट गोल्डफिश भरपूर खातो आणि भरपूर घाण करतो, त्याला ठोकताळ्याच्या वरच्या टोकाला राहावे. अरोवाना किंवा फ्लॉवरहॉर्न यांसारखे मोठे मासे पाळणाऱ्याने मोठी पेटी आणि कॅनिस्टर यांचा खर्च आधीच मनात धरावा. हे मासे घरात दौलत आणतात या समजुतीने पुष्कळ लोक ते महागात घेतात. रोजी देणारा अल्लाह आहे. माशाच्या अंगावरच्या खुणा पाहून पैसा घालवण्यापेक्षा तोच पैसा पेटी आणि फिल्टरमध्ये घातला तर निदान मासा तरी जगेल.

विजेचा हिशेबही करून पाहावा, कारण फिल्टर चोवीस तास चालवायचा असतो. रात्री बंद करून वीज वाचवणे म्हणजे जिवाणूंचा श्वास कोंडणे. तीन वॅटचा हवेचा पंप महिन्याला साधारण सव्वादोन युनिट खातो, पंधरा वॅटची मोटार सुमारे अकरा युनिट, पस्तीस वॅटचा कॅनिस्टर पंचवीस युनिट. डोळ्यांत भरणारा फरक आहे.

वीज गेली तर?

आता मुख्य मुद्दा. फिल्टरविषयीची बहुतेक माहिती अशा देशांतून येते जिथे वीज सहसा जात नाही. आपल्याकडे पावसाळ्यात नारळाचे एक झाड तारेवर पडले की गाव रात्रभर अंधारात असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आले. पोफळी, आंबे, नारळ आडवे झाले, विजेचे खांब उन्मळून पडले, आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या तालुक्यांतल्या अनेक गावांना वीज यायला कित्येक आठवडे लागले. घरावरचे पत्रे शोधायचे की मासे वाचवायचे, अशी ती वेळ होती. वादळ रोज येत नाही हे खरे, परंतु सहा-आठ तास वीज जाणे हे आपल्या पावसाळ्यातले नेहमीचेच आहे. म्हणून रायगडच्या किनाऱ्यावर फिल्टर घेताना पहिला प्रश्न हा की वीज गेल्यावर हा फिल्टर कसा वागतो?

कॅनिस्टर बंद डबा आहे. मोटार थांबली की आतले पाणी थांबते, आतले जिवाणू उरलेला प्राणवायू काही तासांत संपवतात आणि मग मरू लागतात. आतला गाळ सडतो. वीज आल्यावर मोटार आपोआप चालू होते आणि ते सडके पाणी थेट पेटीत ओतते. वीज असेपर्यंत उत्तम असलेला फिल्टर वीज आल्याच्या क्षणी मासे मारतो, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. कॅनिस्टर असेल आणि वीज दोन-तीन तासांच्या वर गेली, तर डब्याचे बटण बंद करून ठेवावे. वीज आल्यावर डबा उघडावा, आतले पाणी फेकावे, सामान पेटीतल्याच पाण्यात खळबळावे आणि मगच चालू करावा.

स्पंज फिल्टर पेटीतच उघडा असतो. हवा थांबली तरी त्याच्याभोवती पेटीचे पाणी आहे, म्हणून त्यातली वस्ती पुष्कळ जास्त वेळ टिकते. शिवाय त्याचा पंप इतकी कमी वीज खातो की छोट्या बॅटरीवर चालणारा पंप किंवा मोबाइलच्या पॉवर बँकेवर चालणारा पंप त्याच नळीला जोडून रात्र काढता येते. इन्व्हर्टर असेल तर तीन वॅट त्याच्या खिजगणतीतही नाहीत. टॉप फिल्टरचे वरचे खोके उघडे असल्याने तोही कॅनिस्टरपेक्षा बरा, मात्र पाणी निचरून थर कोरडे पडू देऊ नयेत.

वीज नसताना आणखी दोन गोष्टी कराव्यात. खाणे पूर्ण बंद ठेवावे. मोठा मासा काही दिवस उपाशी सहज राहतो, परंतु न खाल्लेले खाणे त्याला मारते. आणि तासा-दोन तासांनी मग्याने पाणी काढून हातभर उंचीवरून हळू परत ओतावे, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. आपल्याकडचे पाणी मुळातच कोमट. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून मे महिन्यात या गोष्टीला जास्त जपावे.

एक धोक्याची सूचना. हवेचा पंप पेटीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा, किंवा नळीत चेक वॉल्व्ह बसवावा. एरवी वीज गेली की पाणी नळीतून उलटे पंपात उतरते, पंप जळतो आणि शॉक बसण्याचीही भीती असते. वायर बटणापर्यंत सरळ न नेता खाली झोळ देऊन न्यावी, म्हणजे ओघळणारे पाणी बटणात शिरत नाही. पाण्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद. घरातल्या मुलांना हे पहिल्याच दिवशी शिकवावे.

तेव्हा आमचे मत स्पष्ट आहे. दोन-अडीच फुटांपर्यंतच्या पेटीस, साध्या माशांसाठी, आपल्या किनाऱ्यावर स्पंज फिल्टर घ्यावा. तीन फुटांच्या पेटीस टॉप फिल्टर आणि त्याच्या जोडीला एक स्पंज फिल्टर. चार फूट व त्याहून मोठ्या पेटीस कॅनिस्टर, परंतु इन्व्हर्टर असेल तरच, आणि तिथेही एक स्पंज फिल्टर जोडीला असावाच. मुख्य मोटार बंद पडली तर वस्ती अर्धी तरी वाचते.

फिल्टरच्या पोटात काय भरावे?

इथे आम्ही आमच्या धंद्याचे बोलतो. फिल्टरचा पांढरा कापूस म्हणून छोट्या पुड्यांत जो माल महाग मिळतो, तो कापूस नसून पॉलिस्टर फायबर आहे. उशा, गाद्या, रजया यांत भरतात त्याच जातीचा. किलोच्या भावाने घेतला तर पुडीपेक्षा फार स्वस्त पडतो. मात्र घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. उशीचा फायबर पुष्कळदा सिलिकॉन चढवलेला असतो, हाताला गुळगुळीत आणि निसरडा लागतो. तो नको, कोरडा आणि किंचित खरखरीत घ्यावा. आग न धरणारा, कीटकनाशक किंवा जंतुनाशक लावलेला माल तर बिलकुल नको, कारण ज्याने जंतू मरतात त्याने आपले जिवाणूही मरतात. आणि रंगीत माल नको.

खरा कापूस किंवा सुती चिंधी फिल्टरमध्ये भरू नये. सूत हे झाडाचे, पाण्यात ते कुजते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. पॉलिस्टर, नायलॉन कुजत नाही. स्पंज घेताना फार बारीक छिद्रांचा घेऊ नये. तो सुरुवातीला पाणी अधिक नितळ करतो, परंतु आठवड्यात तुंबतो. मध्यम जाड छिद्रांचा स्पंज महिनाभर चालतो.

थरांचा क्रम असा ठेवावा की पाणी आधी जाड स्पंजमधून जाईल, मग फायबरमधून आणि शेवटी चिनी मातीच्या कड्यांतून. कचरा आधी अडला तर कड्या मोकळ्या राहतात. कोळशाची पुडी रोज लागत नाही. माशांना औषध दिल्यानंतर पाण्यातला औषधाचा अंश आणि रंग काढायला ती उपयोगी पडते, आणि काही आठवड्यांत निकामी होते.

किनाऱ्यावरचे शिंपले गोळा करून फिल्टरमध्ये टाकण्याची काही मुलांना सवय असते. शिंपल्यांत चुना असतो, त्याने पाणी जड होते. मॉलीला ते चालते, इतर पुष्कळ माशांना मानवत नाही. शिवाय पाणी जितके क्षाराकडे झुकते तितका अमोनिया अधिक घातक होतो. पीएच सातचा आठ झाला तर त्याच अमोनियातला विषारी भाग सुमारे दहापट होतो. किनाऱ्याजवळच्या मचूळ विहिरीचे पाणी वापरणाऱ्यांनी म्हणूनच मासे कमी ठेवावेत. प्रवाळाचे तुकडे तर आणूच नयेत. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला बंदी आहे.

धुण्याची रीत

चांगला फिल्टर घेऊन जे लोक मासे गमावतात, ते बहुधा धुण्याच्या दिवशी गमावतात. घरात पाहुणे येणार म्हणून पेटी उपसली जाते, स्पंज साबण लावून नळाखाली चोळला जातो, खडे उकळले जातात. सारे चकचकीत होते आणि चार दिवसांत मासे मरतात. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन असते, त्याने स्पंजमधली वस्ती धुऊन जाते. पेटी पुन्हा पहिल्या दिवसावर येते, मासे मात्र तेवढेच असतात.

रीत सोपी आहे. आठवड्याला पाणी बदलताना पेटीतलेच पाणी बादलीत घ्यावे आणि त्यात स्पंज दोन-तीनदा दाबून गाळ काढावा. साबण नाही, नळ नाही. स्पंज आणि कड्या एकाच दिवशी धुवू नयेत. फायबर फार घाण झाला तर बदलावा, परंतु त्या आठवड्यात स्पंजला हात लावू नये. नवे पाणी नळाचे असेल तर पसरट भांड्यात चोवीस तास उघडे ठेवावे किंवा दुकानात मिळणारे अँटिक्लोरीनचे थेंब टाकावेत. बादलीतले घाण पाणी फेकू नये, अंगणातल्या झाडांना ते उत्तम खत आहे.

फिल्टर घेताना दुसरा प्रश्न म्हणूनच हा की तो धुणार कोण? घरातला कर्ता पुरुष जहाजावर किंवा आखातात असेल आणि पेटी घरातल्या बाईने व मुलांनी सांभाळायची असेल, तर कपाटातला जड कॅनिस्टर त्यांच्या माथी मारू नये. जो पाच मिनिटांत धुतला जाईल तोच घरी टिकेल.

दुकानदार बांधवांस

आमचे अनेक भाऊ या व्यवसायात आहेत आणि किनाऱ्यावरची गिऱ्हाइकी वाढते आहे. त्यांना व्यापारी या नात्याने चार शब्द.

फिल्टर विकण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. पेटी किती फुटी? मासे कोणते? वीज किती वेळ जाते? धुणार कोण? उत्तरे ऐकून स्वस्त वस्तू पुरेशी असेल तर स्वस्तच द्यावी. त्या दिवशी नफा कमी होईल, परंतु ज्याचे मासे वर्षभर जगले तो खाण्यासाठी, औषधासाठी, नव्या माशांसाठी दर महिन्याला तुमच्याच दुकानात येईल, आणि चार शेजारी घेऊन येईल.

पेटी आणि मासे एकाच दिवशी विकू नयेत. पेटी आणि फिल्टर आज द्यावा, आठवडाभर चालू द्यावा, मग दोन-चार मासे द्यावेत, बाकीचे महिनाभरात. आणखी एक युक्ती आहे, जिच्यात दुकानदाराचाही फायदा आहे. आपल्या दुकानातल्या जुन्या, निरोगी पेट्यांत चार-सहा जास्तीचे स्पंज कायम चालू ठेवावेत. नव्या गिऱ्हाइकास असा मुरलेला स्पंज ओला असतानाच पाण्याच्या पिशवीत घालून द्यावा आणि त्याचे रास्त दोन पैसे जास्त घ्यावेत. दह्याला विरजण लागते तसा हा प्रकार आहे. सहा आठवड्यांचे काम पुष्कळ लवकर होते. ज्या पेटीत आजार आहे तिच्यातला स्पंज मात्र कधीही देऊ नये.

ज्यांना घरच्या घरी गप्पी, मॉली यांची पैदास करून जोडधंदा करायचा आहे, त्यांनाही स्पंज फिल्टरच सोयीचा, कारण एका हवेच्या पंपावर अनेक पेट्या चालतात आणि पिल्ले सुरक्षित राहतात. २०२० साली जाहीर झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मासे संवर्धनासाठी तीन लाख रुपयांपर्यंतचा प्रकल्पखर्च धरला होता, त्यात सर्वसाधारण गटास चाळीस टक्के आणि महिलांना साठ टक्के अनुदान होते. सध्या कोणती योजना चालू आहे याची चौकशी अलिबागच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात करून मगच पैसा गुंतवावा.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला आणि खालचे धान्य ओले निघाले, ही हदीस प्रत्येक व्यापाऱ्याने लहानपणी ऐकलेली असते. ओले धान्य वर का ठेवले नाही, असा त्यांचा सवाल होता. आजच्या व्यापाऱ्याला तोच सवाल खोक्यावरच्या आकड्याबाबत आहे. आकडा छापला कारखान्याने, परंतु त्याचा अर्थ गिऱ्हाइकाला सांगणे हे विकणाऱ्याचे काम आहे.

आणि पाळणाऱ्यासाठीही हदीस आहेच. अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाची पाळलेली चिमणी गेली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्या मुलाची आपुलकीने विचारपूस केली. म्हणजे मुलांनी जीव पाळावा, त्याला हरकत नाही. परंतु मांजर बांधून ठेवून तिला उपाशी मारणाऱ्या बाईचा अंजामही आपल्याला सांगितलेला आहे. काचेच्या पेटीतला मासा हा त्या बांधलेल्या मांजरासारखाच आहे, त्याला स्वतःहून कुठे जाता येत नाही. त्याचे पाणी ही आपल्याकडची अमानत आहे.

यंदाचा पावसाळा सुरू होण्यापूर्वी ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी एक छोटी परीक्षा घ्यावी. दुपारी घरात असताना फिल्टरचे बटण दोन तास बंद करून पाहावे. मासे वर येऊन हवा ओढू लागले तर बटण लगेच चालू करावे. पेटीत मासे जास्त आहेत किंवा जोडीला स्पंज फिल्टर हवा आहे, हे त्यातूनच कळेल. वादळाच्या रात्री कळण्यापेक्षा दिवसाउजेडी कळलेले बरे.